परमुलखात छत्र कुणाचे?

नकाशावर सयाम, म्हणजे आजचा थायलंड, दाखवताना मी मुलांना १८५५ चा तह हटकून सांगतो. जॉन बाउरिंगने तो राजा मोंगकुटाशी केला. मग बँकॉकात ब्रिटिश प्रजाजनाने गुन्हा केला, तर न्याय करी तो ब्रिटिश कॉन्सल! हिंदी व्यापारीही त्याच छत्राखाली. सयामने हे हक्क हळूहळू परत मिळवले. १९३७ च्या तहांनी उरलेसुरलेही संपले.

१९७९ च्या कायद्याने परक्याला दर ९० दिवसांनी पत्ता कळवणे भाग पडले. २००६ व २०१४ मध्ये लष्कराने सरकारे उलथवली. भारतीयांना २०२३ मध्ये विनाव्हिसा ३० दिवस मिळाले, २०२४ मध्ये ६०.

पाहुण्याने यजमानाचा कायदा पाळावा, हे रास्तच. पण तोच सारखा पालटला, तर त्याने बिऱ्हाड थाटावे कोणत्या भरवशावर?