शाळेबाहेरचा मिकेले

मूल शाळेत जात नाही, ही गोष्ट घरातील माणसे शक्यतो उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. आठवी-नववीतला मुलगा सकाळी दप्तराला हात लावीत नाही, मुलगी पोटदुखीचे निमित्त सांगून अंथरुणातून उठत नाही. आईबाप कधी रागावतात, कधी विनवण्या करतात आणि रविवारी मिस्सेनंतर कोणी चौकशी केली, तर विषय बदलतात. आपल्याच घरावर हे संकट कोसळले, असे त्यांना वाटत असते. ख्रिस्तसभेच्या इतिहासात मात्र अशा एका मुलाची हकिगत नोंदलेली आहे. ती आज पुन्हा वाचण्यासारखी आहे, असे आम्हांला वाटते.

१८५७ सालचा शरद ऋतू. उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात कार्मान्योला नावाचे गाव आहे. तेथील रेल्वे स्थानकावर एका धुकट संध्याकाळी फादर जॉन बॉस्को तुरीनच्या गाडीची वाट पाहत उभे होते. जवळच मुलांचा गलका चालला होता आणि त्या गलक्यात एक आवाज इतरांवर हुकूम सोडीत होता. फादर त्या दिशेने गेले. झगा पाहताच पोरे पांगली. एकटा म्होरक्या तेवढा कमरेवर हात ठेवून जागीच उभा राहिला आणि आमच्या खेळात येणारे तुम्ही कोण, असे त्याने विचारले. हा मिकेले मागोने. त्याला नुकतेच तेरावे वर्ष लागले होते.

फादर बॉस्को रागावले नाहीत. त्यांनी त्याचे नाव विचारले, घरची चौकशी केली, शाळेबद्दल विचारले. बाप वारलेला, आई कष्ट करून घर चालवणारी, आणि मुलाला काहीएक उद्योग नाही, हे थोड्याच वेळात कळले. तेवढ्यात गाडी आली. निघता निघता फादरांनी मुलाच्या हाती पवित्र मरियेचे पदक दिले आणि गावच्या सहायक धर्मगुरूंना माझ्याकडे पत्र लिहायला सांग, असा निरोप दिला.

लवकरच पत्र आले. खोड्यांमुळे मुलाला शाळेतून अनेकदा बाहेर काढले आहे, तरीही प्राथमिक तिसरी इयत्ता त्याने चांगल्या रीतीने पूर्ण केली आहे; पोटासाठी राबणाऱ्या आईला त्याच्यावर लक्ष ठेवता येत नाही, परंतु मुलगा मनाने चांगला आहे, असा त्या पत्राचा आशय होता. त्या धर्मगुरूंनी दोष झाकले नाहीत, पण गुणही गाळले नाहीत. आपल्या मुलांविषयी शाळेशी बोलताना आपणही हा तोल सांभाळतो का, हे पालकांनी स्वतःला विचारून पाहावे.

मिकेले तुरीनच्या वाल्दोक्को येथील फादर बॉस्कोंच्या वसतिगृहात आला. हातचे काम शिकायचे की पुस्तकी शिक्षण घ्यायचे, हे त्यालाच विचारण्यात आले, आणि शाळेतून हाकलला गेलेला हा मुलगा शिक्षणाकडे वळला! पण तो एका रात्रीत सुधारला नाही. घंटा झाली की सर्वांआधी तो अंगणात असे. वर्गात आणि प्रार्थनेत मात्र त्याचे मन रमत नसे. फादरांनी एका समंजस सोबत्याला त्याच्यावर प्रेमाने नजर ठेवायला सांगितले. महिनाभराने त्याचा खेळही थांबला. तो एकटा राही, कोपऱ्यात रडे. फादरांनी ते हेरले, त्याला जवळ बोलावले, आणि तो बोलेना तेव्हा घाई केली नाही. मनावरचा भार त्याने अखेर पापनिवेदनात उतरवला आणि तो पुन्हा हसूखेळू लागला.

फादर बॉस्कोंना हे धैर्य कोठून आले? ते स्वतः दोन वर्षांचे असताना, १८१७ साली, त्यांचे वडील वारले. थोरल्या सावत्र भावाला त्यांचे शिकणे मान्य नव्हते. घरातील कलह टाळण्यासाठी आई मार्गारेटने बारा वर्षांच्या जॉनला परक्या शेतावर चाकरीला धाडले. १८३१ साली, सोळाव्या वर्षी, किएरी येथील शाळेत ते खालच्या वर्गात आपल्याहून पुष्कळ लहान मुलांच्या शेजारी बसले. शिक्षणाची वाट मोडली म्हणजे आयुष्य मोडले, असे नसते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. निरक्षर मार्गारेटने ती वाट मनातून कधी पुसू दिली नाही. पुढे १८४६ साली ती वाल्दोक्कोला आली आणि १८५६ साली मरेपर्यंत अनाथ मुलांची आई होऊन राहिली.

१८५९ च्या जानेवारीत मिकेले अल्पशा आजाराने देवाघरी गेला. त्याला चौदा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १८६१ साली फादर बॉस्कोंनी त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. मिकेले गेला त्याच वर्षी तेथील सरकारने प्राथमिक शिक्षणाची पहिली दोन वर्षे सक्तीची करणारा कायदा केला. कायद्याने मूल बाकावर बसते. त्याचे मन तेथे बसवण्याचे काम माणसांनाच करावे लागते. विवेक, धर्म आणि वात्सल्य यांवर उभ्या असलेल्या आपल्या शिक्षणपद्धतीची मांडणी फादर बॉस्कोंनी १८७७ साली केली. मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते त्यांना जाणवलेही पाहिजे, हे त्यांनी १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना कळवले.

मिकेलेचे दुःख पापनिवेदनाने हलके झाले. म्हणून प्रत्येक मुलाचे तसेच होईल असे मात्र नाही. अक्षरे उलटसुलट दिसणे, वर्गातील दांडगाई, मनाला जडलेली भीती, ही कारणे आज आपल्याला ठाऊक आहेत. तेथे उपदेशाआधी समुपदेशक किंवा डॉक्टर हवा आणि त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. नेहमीची शाळा सुटली तरी सतरा नंबरचा फॉर्म आहे, १९८९ साली स्थापन झालेले राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. वाटा आहेत, पण वाट दाखवण्यापूर्वी मुलाशेजारी बसणारे कोणीतरी लागते.

३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. त्या दिवशी मिकेलेच्या विधवा आईचीही आठवण व्हावी. तिच्या मुलाला सावरायला एक धर्मगुरू पत्र लिहिता झाला, दुसऱ्याने दार उघडले, एका सोबत्याने साथ दिली. आपल्या धर्मग्रामातही अशी एखादी आई असेल. मिस्सेनंतर तिला मुलाच्या हजेरीविषयी न विचारता मुलाविषयी विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.