बारा राशींचं राष्ट्रगीत

नात लॅपटॉप घेऊन माझ्या खाटेवर बसली होती. देवघरातून आमच्या हिचा आवाज आला, "दिवेलागणीला गायत्री मंत्र लावलाय का कुणी? बरं झालं." मंत्र होता खरा, ऋग्वेदातला, विश्वामित्रांचाच. पण लावला होता अमेरिकेतल्या एका अंतराळमालिकेनं, शीर्षकाच्या वेळी. मालिकेचं नाव 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. रिचर्ड गिब्ज नावाच्या संगीतकारानं तो तिथं बसवला. हिला मी काही सांगितलं नाही, तिचा दिवा शांतपणे लागू दे म्हटलं.

नात म्हणाली, "आजोबा, मंत्राचं राहू द्या. या मालिकेतल्या माणसांचं राष्ट्रगीत ऐका."

मी पोलीस बँडमध्ये एकतीस वर्षं कॉर्नेट वाजवली. ध्वजवंदनाच्या मैदानावर सगळे राष्ट्रगीत ऐकतात, बँडवाला ते मोजतो. बावन्न सेकंद. सव्वीस जानेवारीच्या थंडीत माउथपीस ओठाला चिकटायचा, म्हणून तो मुठीत धरून ऊब द्यायची, आणि एक डोळा बँडमास्तरांच्या काठीवर. मैदानावर सलामी न देणारे आम्हीच, कारण दोन्ही हात गुंतलेले. त्यामुळे कुठल्याही देशाचं राष्ट्रगीत लागलं की मी आधी पितळ ऐकतो.

हे ऐकलं आणि म्हटलं, ही धून जुनी आहे. नवीन रचलेल्या धुनेला असा गंज चढत नाही.

निघालीही जुनीच. मूळ मालिका 1978 सालची. आदल्या वर्षी 'स्टार वॉर्स' येऊन गेलेला, त्यामुळे अंतराळ म्हटलं की भरगच्च वाद्यवृंद आणि ट्रम्पेट हवेतच, असा तो काळ. स्टू फिलिप्स यांनी निर्माते ग्लेन लार्सन यांच्या जोडीनं ही धून केली आणि लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकनं ती वाजवली. 17 सप्टेंबरला पहिला भाग लागला आणि मध्येच थांबवावा लागला, कारण कॅम्प डेव्हिडमध्ये इजिप्त आणि इस्रायलचा समझोता झाल्याचं दूरचित्रवाणीवर दाखवायचं होतं. कार्टर, सादात, बेगिन यांच्या सह्या झाल्यावर अंतराळ पुन्हा सुरू! धून तेव्हा राष्ट्रगीत नव्हती, नुसतं शीर्षकसंगीत होती. एका हंगामात मालिका गुंडाळली गेली.

2003 च्या डिसेंबरात रोनाल्ड मूर यांनी तीच गोष्ट नव्यानं मांडली. माणसांची बारा जगं, सगळी राशींच्या नावांची. कॅप्रिका म्हणजे आपली मकर, टॉरॉन वृषभ, लिओनिस सिंह, स्कॉर्पिया वृश्चिक. (आमच्या सोसायटीतल्या ज्योतिषीबुवांना हे कळलं तर मालिकेची पत्रिका मांडतील.) माणसांनीच बनवलेली यंत्रं, म्हणजे सायलॉन, उलटतात आणि बाराही जगं एका दिवसात बेचिराख होतात. उरतात पन्नासेक हजार माणसं, तीही जहाजांवर.

या नव्या मंडळींना जुना वाद्यवृंदी थाट नको होता. गिब्ज आणि त्यांच्यानंतर बेअर मॅकक्रिअरी यांनी जपानी टायको ढोल घेतले, आर्मेनियाचं दुदुक घेतलं. दुदुक आपल्या सनईच्या नात्यातलं, पण जास्त दबलेल्या आवाजाचं. मग फिलिप्सच्या पितळी धुनेचं काय करायचं? इथं या लोकांनी डोकं लढवलं. ती त्या बारा जगांच्या सरकारची धून करून टाकली.

गोष्टीच्या सुरुवातीला गॅलॅक्टिका हे म्हातारं युद्धजहाज सेवेतून काढून त्याचं संग्रहालय करायचा समारंभ आहे. वरून लढाऊ विमानं सलामी देत जातात, त्यांत जुन्या घडणीचंही. ते विमान 1978 च्या धाटणीचं आणि धूनही 1978 ची. ज्यांनी लहानपणी मूळ मालिका पाहिली होती, ते आता पस्तिशीला आलेले. त्यांचा गळा दाटला तो खरा दाटला. कल्पित देशाला पंचवीस वर्षांचा खराखुरा भूतकाळ आयता मिळाला. नवं राष्ट्रगीत रचून घेतलं असतं तर त्याला नव्या गणवेशासारखा कांजीचा वास आला असता. खऱ्या देशांनीही हेच केलंय म्हणा. हायडननं 1797 मध्ये ऑस्ट्रियातल्या सम्राटासाठी बांधलेली धून आज जर्मनी वाजवतो.

या धुनेवर मालिकेत कुणी शब्द गात नाही. नातीला ते अपुरं वाटलं. मला नाही. स्पेनच्या राष्ट्रगीतालाही अधिकृत शब्द नाहीत, आणि बँडवाल्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

2005 च्या 'फायनल कट' या भागात एक बातमीदार बाई जहाजावरच्या सैनिकांवर माहितीपट करते. शेवटी हीच धून वाजते, छाती भरून येते. आणि मग दिसतं की कॅप्रिकावरच्या एका रिकाम्याशा चित्रपटगृहात सायलॉन बसून तो माहितीपट बघतायत, आणि ती बाईही त्यांच्यातलीच! मी तिथंच थांबवायला लावलं. आपल्या महाराष्ट्रात 2003 पासून सिनेमाच्या आधी राष्ट्रगीत सुरू झालं. निवृत्त झाल्यावर मी थिएटरात उभा राहायचो तेव्हा हातांचं काय करावं कळायचं नाही, उजव्या हाताची तीन बोटं आपोआप पिस्टन दाबायची. आणि इथं शत्रू खुर्चीत रेलून ऐकतोय. त्याच्या बसण्यात अपमान आहे का? तो तर मन लावून ऐकत होता.

शेवटचा भाग 20 मार्च 2009 चा. माणसांना नवी जमीन सापडते, आणि जहाजं टाकून द्यायचं ठरतं. सॅम अँडर्स नावाचा एकटा जण, तोही सायलॉनच, तो सगळा ताफा सूर्यात नेऊन घालतो. त्या वेळी पितळ पुन्हा वाजतं. सरकार उरलं नाही, झेंडा नाही, उभं राहायला माणूस नाही.

नातीनं विचारलं, "रडताय का आजोबा?" मी म्हटलं, "छे, मोजतोय."