सरासरीपलीकडचं कोल्हापूर

तापमानाच्या नोंदींवरून संख्याशास्त्र शिकवणं ही आजची टूम वाटते, पण हवामान आणि संख्याशास्त्राचं हे नातं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या १९६२ मधील स्थापनेहूनही जुनं आहे. १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याची सूत्रं घेणारे गिल्बर्ट वॉकर मुळात गणितज्ञ. मान्सूनचा माग त्यांनी सहसंबंधाच्या गणितातून काढला. पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनीही कोलकात्यातल्या अलीपूरच्या वेधशाळेत काम केलं. म्हणजे आपल्याकडे या शास्त्राची वाढ काही अंशी आभाळाकडे बघूनच झाली.

अशा नोंदी वर्गात वापरण्यावर आक्षेप असा की, वेधशाळेची जागा बदलते, भोवती शहर वाढतं. मग जुने आकडे कच्चेच. खरं आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या घोटीव उदाहरणांत नेमका हाच धडा नसतो. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला सरासरी काय लपवते, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या हाती कच्च्या नोंदीच द्याव्यात.