'एकदा होऊन जाऊ द्या', पण कोणाला?

कोरोना एकदा होऊन गेला की माणूस कायमचा सुटला, असं २०२० साली छातीठोकपणे सांगितलं जात होतं. साथ पसरू द्या, बहुतेकांना होऊन जाईल आणि मग ती आपोआप थांबेल. या विचाराला 'हर्ड इम्युनिटी' असं भारदस्त नाव होतं. त्याचं पुढे काय झालं, हा इतिहास आपण लक्षात ठेवला पाहिजे.

ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी ३३ वर्षांच्या एका माणसाला दुसऱ्यांदा लागण झाल्याचं सिद्ध केलं. दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकीय रचना वेगळी होती. दुसऱ्या वेळी त्याला लक्षणं नव्हती, म्हणून जगाने ते फारसं मनावर घेतलं नाही.

खरी किंमत मोजली ब्राझीलमधल्या मनाउस शहराने. ऑक्टोबर २०२० पर्यंत तिथल्या सुमारे ७६ टक्के लोकांना लागण होऊन गेली असावी, असा संशोधकांचा अंदाज होता. म्हणजे आता हे शहर सुरक्षित असायला हवं होतं. पण जानेवारी २०२१ मध्ये गॅमा हा नवा प्रकार पसरला, दवाखान्यांतला ऑक्सिजन संपला आणि माणसं गुदमरून मेली. पहिल्या लागणीची प्रतिकारशक्ती कालांतराने ओसरते आणि बदललेला विषाणू तिला चुकवतो. ओमायक्रॉनने २०२१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत हेच अधिक ठळकपणे दाखवलं. आधीच्या लागणीमुळे गंभीर आजाराचा धोका कमी होत होता, हे खरं. पण पुन्हा लागण होणारच नाही, ही खात्री खोटी ठरली.

आता मुंबईकडे बघू. जुलै २०२० मधल्या सर्वेक्षणात तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, तर झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. काहींना ही आनंदाची बातमी वाटली. आम्ही विचारतो, ५७ आणि १६ मधलं अंतर कशाचं होतं? सार्वजनिक संडासाच्या रांगेचं, दहा बाय दहाच्या खोलीचं, घरी बसून न करता येणाऱ्या कामाचं. जातीने वाटून दिलेल्या वस्तीला आणि कामाला 'प्रतिकारशक्ती' म्हणणं ही क्रूर थट्टा आहे.

ज्याला दुसऱ्याच दिवशी झाडू घेऊन रस्त्यावर उतरावं लागतं, त्याच्या वाट्याला प्रत्येक नवा प्रकार आधी येतो. बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी म्हटलं होतं. साथीत धोक्याचीही तशीच विभागणी होते.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी: मोफत लस, भरपगारी आजारपणाची रजा, घरात पाणी आणि संडास, वस्तीत चालू स्थितीतलं आरोग्य केंद्र. ही भीक नाही, हक्क आहे.

आणि पुढच्या साथीत कोणी 'एकदा होऊन जाऊ द्या' म्हणालं, तर एवढंच विचारा: कोणाला?

जय भीम!