नको असलेली गर्भधारणा : सही कोणाची, मुदत किती, पायऱ्या कोणत्या?

नवऱ्याची सही लागते का? सासरी कळवतात का? पोलीस केस होते का? शरीअतमध्ये परवानगी आहे का? शाळेत पालक म्हणून येणाऱ्या आया हे प्रश्न आम्हाला अनेकदा विचारतात. बहुतेक वेळा "माझ्या ओळखीतल्या एकीसाठी" अशी सुरुवात असते. उत्तर माहीत नसल्यामुळे घरात आठवडे निघून जातात. म्हणून कायद्यात काय आहे आणि दवाखान्यात काय घडतं, ते इथे क्रमाने मांडत आहोत. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर किंवा मुफ्ती नाही. हा लेख वाचून तपासणीला उशीर न करता जावं, एवढाच हेतू आहे.

कायदा कोणता?

भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. दवाखान्यात त्याला 'एमटीपी कायदा' म्हणतात. ज्या समितीच्या शिफारशींवरून तो आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून, अडाणी हातांनी होणाऱ्या गर्भपातात बायका मरत होत्या, ही त्यामागची मोठी चिंता होती. २०२१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून नवी मुदत लागू झाली.

एक गोष्ट स्पष्ट समजून घेऊ. "मागितलं की मिळालं" असा हा हक्क नाही. कायद्यात बसणाऱ्या कारणाबद्दल डॉक्टरांचं मत लागतं. या चौकटीबाहेर केलेला गर्भपात आजही गुन्हा आहे. बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भ पाडला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे सासरच्यांनी जबरदस्तीने गोळ्या खायला घालणं हा घरगुती मामला नाही, गंभीर गुन्हा आहे.

मुदत किती?

आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. हे लक्षात ठेवलं नाही तर हिशेब चुकतो.

२० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरेसं असतं. कारणं अशी : बाईच्या जिवाला धोका, तिच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होण्याची शक्यता, बाळात गंभीर व्यंग असण्याची शक्यता, बलात्कारातून राहिलेला गर्भ, आणि गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ. बलात्काराच्या कारणात मनाला गंभीर इजा होतेच, असं कायदा धरून चालतो; साधन फसल्याच्या कारणातही तसं धरता येतं. साधन फसल्याचं कारण २०२१ पर्यंत फक्त विवाहित स्त्रीसाठी होतं. आता ते कोणत्याही स्त्रीसाठी आहे. मत देताना डॉक्टर तिच्या घरची परिस्थितीही विचारात घेऊ शकतात.

२० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही सोय ठरावीक परिस्थितींसाठीच आहे : बलात्कार किंवा जवळच्या नात्यात झालेला अत्याचार, अठरा वर्षांखालील मुलगी, गर्भारपणात तलाक झालेली किंवा विधवा झालेली स्त्री, मोठं शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, बाळातील गंभीर व्यंग, आणि सरकारने जाहीर केलेली आपत्ती. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, अविवाहित स्त्रीला यातून वगळता येणार नाही. नवऱ्याने सोडून दिल्यासारखा परिस्थितीतला मोठा बदलही इथे धरावा, असं त्यात आहे. या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला आहे. त्यासाठी एफआयआर दाखल असण्याची अट नाही.

२४ आठवड्यांनंतर कायद्यात एकच नियमित वाट आहे : बाळात मोठं व्यंग असेल तर सरकारी मेडिकल बोर्ड. बोर्डात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचे तज्ज्ञ असतात. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत बोर्डाने मत द्यायचं असतं आणि परवानगी मिळाली तर पाच दिवसांच्या आत गर्भपात व्हावा, असं नियमात आहे. बाकी प्रकरणांत हायकोर्टात जावं लागतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं, तर मात्र आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

मुदत किती महत्त्वाची आहे, हे २०२३ च्या एका प्रकरणावरून कळतं. दोन मुलांची आई असलेली विवाहित स्त्री सुप्रीम कोर्टात गेली होती. अंगावर पाजत असल्यामुळे तिला पाळी येत नव्हती, म्हणून गर्भ राहिल्याचं उशिरा कळलं. निकालाच्या वेळी २६ आठवडे उलटून गेले होते. बाळ निरोगी होतं, आईच्या जिवाला तात्काळ धोका नव्हता. कोर्टाने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी परवानगी नाकारली. आपल्याकडे "दूध पाजतेय तोवर दिवस जात नाहीत" असं सर्रास म्हणतात. त्या भरवशावर राहू नका. पाळी आली नसली तरी मळमळ, थकवा, पोटात काही वेगळं वाटलं तर तपासणी करा.

सही कोणाची?

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची फक्त स्वतःची सही लागते. तिला 'फॉर्म सी' म्हणतात. नवऱ्याची, वडिलांची, सासूची सही कायद्यात कुठेही मागितलेली नाही. तरीही काही दवाखाने मागतात आणि त्यात दिवस जातात. २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं आहे की, कुटुंबाची संमती, जादा कागद किंवा कोर्टाची परवानगी अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. "तांबी बसवा नाहीतर ऑपरेशन करून घ्या, तरच करू" ही अटही कायद्यात नाही.

अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी पालकाची लेखी संमती लागते. 'पालक' म्हणजे वडीलच, असं नाही. जिच्या देखरेखीखाली मुलगी राहते ती आई, नानी किंवा खालाही चालते. मात्र मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. तिचं लग्न झालेलं असलं, तरीही. मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिचं नाव-ओळख न देता कळवता येतं, हे २०२२ च्या त्याच निकालात आहे. पोलिसांच्या भीतीने मुलीला भोंदूकडे नेऊ नका.

प्रौढ स्त्रीच्या बाबतीत पोलिसांना कळवण्याचा प्रश्न येत नाही. उलट तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे सासरी किंवा माहेरी कळवायचं की नाही, हे तिने ठरवायचं.

पायऱ्या

पहिली : पाळी आठ-दहा दिवस लांबली की घरी लघवीची तपासणी करा. शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा.

दुसरी : मान्यताप्राप्त ठिकाणी जा. सरकारी रुग्णालय, मेडिकल कॉलेजचं रुग्णालय किंवा गर्भपातासाठी सरकारी मान्यता असलेला खासगी दवाखाना. खासगी दवाखान्यात मान्यतेचं प्रमाणपत्र दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. ते बघा, नसेल तर विचारा. हे काम प्रशिक्षित एमबीबीएस किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरच करू शकतात. हकीम, वैद्य, होमिओपॅथ किंवा दाई नाही. सरकारी रुग्णालयात खर्चाची काळजी कमी असते.

तिसरी : डॉक्टरांना खरं कारण सांगा. आधीचं सिझर, रक्त कमी असणं, दमा, तांबी बसवलेली असणं, चालू औषधं, सगळं सांगा. रक्तगट तपासा. निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळंतपणासाठी वेगळं इंजेक्शन लागू शकतं. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे सोनोग्राफीत कळतं. नळीत असेल तर गोळ्यांनी तो जात नाही आणि जिवावर बेतू शकतं.

चौथी : फॉर्म सी वाचून, समजून घेऊन सही करा. मराठी वाचता येत नसेल तर उर्दू-हिंदीत समजावून मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

पाचवी : प्रत्यक्ष उपचार. नऊ आठवड्यांपर्यंत मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टोल या दोन औषधांनी गर्भपात होऊ शकतो. बारा आठवड्यांपर्यंत यंत्राच्या ओढीने पिशवी रिकामी करतात, थोड्या वेळात होतं. त्यानंतर जोखीम आणि मुक्काम दोन्ही वाढतात.

सहावी : दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतसुद्धा पुन्हा दिवस जाऊ शकतात. म्हणून तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या किंवा निरोध यांबद्दल तेव्हाच विचारा. ही साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

मेडिकलच्या गोळ्यांबद्दल

चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या हा आपल्या मोहल्ल्यांतला सर्वात मोठा धोका आहे. गर्भ किती आठवड्यांचा, कुठे आहे, रक्त किती आहे, काहीच माहीत नसताना बाई एकटी न्हाणीघरात त्रास सोसते. कोणी गोळ्या घेतल्याच असतील तर तिला बोलत बसू नका. दोन तास सलग, दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल, घाण वास येत असेल, पोटात असह्य दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या आणि कोणती गोळी कधी घेतली ते डॉक्टरांना खरं सांगा.

मुलगी आहे म्हणून?

नाही. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या वेगळ्या कायद्याने गुन्हा आहे. करणारा डॉक्टर आणि करून घेणारं कुटुंब, दोघांनाही शिक्षा आहे. मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपाताला एमटीपी कायद्यात जागा नाही, आणि दीनमध्येही नाही.

शरीअतचा प्रश्न

मोमिन घरात हा प्रश्न येणारच. आलिमांची मतं एकसारखी नाहीत. १२० दिवसांनंतर रूह फुंकली जाते, म्हणून त्यानंतर आईचा जीव धोक्यात असल्याशिवाय इस्कात-ए-हमल नाजायज, यावर सर्वसाधारण एकमत आहे. त्याआधी हनफी फिकहमध्ये अनेकांनी खऱ्या उज्रावर सवलत दिली आहे, मालिकी आलिम जास्त कडक आहेत. नुसत्या गरिबीच्या भीतीचं कारण बहुतेक आलिम मान्य करत नाहीत. मक्केच्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह अकादमीने १९९० मध्ये ठरवलं की, बाळात बरं न होणारं गंभीर व्यंग तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने तपासण्यांतून सिद्ध केलं आणि आईवडिलांनी मागणी केली, तर १२० दिवसांच्या आत परवानगी असू शकते.

इथे हिशेबात गफलत होते. शरीअतचे १२० दिवस गर्भ राहिल्यापासून धरतात. डॉक्टरांचे आठवडे त्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून, पाळीपासून सुरू होतात. म्हणजे १२० दिवस हे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर सुमारे १९ आठवडे दिसतात. मुफ्ती साहेबांकडे जाताना रिपोर्ट सोबत न्या आणि कोणता हिशेब सांगताय ते स्पष्ट करा. आणि फतवा येईपर्यंत तपासणी थांबवू नका. तपासणी करून घेतली म्हणजे गर्भपाताचा निर्णय झाला, असं होत नाही.

इद्दतमध्ये असलेल्या बाईला "घराबाहेर पडता येत नाही" म्हणून डॉक्टरकडे नेत नाहीत, असंही होतं. इलाजाच्या गरजेसाठी बाहेर पडायला मनाई नाही. तलाकनंतर किंवा पती वारल्यानंतर याच दिवसांत कायद्याची मुदत सरत असते.

अडलं तर कोणाला विचारायचं?

महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हायकोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा न्यायालयातलं प्राधिकरणाचं कार्यालय गाठा.

घरातल्या पुरुषांना एक विनंती. सही तिची आहे, तरी दवाखान्यापर्यंतचं भाडं, घरी मुलं सांभाळणं, नंतरचे चार दिवस आराम, हे तुमच्या हातात आहे. तिने सांगितलं त्याच दिवशी तारीख मोजा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत निघा.