रक्तदाबाच्या गोळीतून उगवलेले केस



बचत गटात कर्ज मागताना कारण लिहावं लागतं. बियाणं, शाळेची फी, शेळी, घराचे पत्रे. कर्जत-खालापूरकडच्या आमच्या गटांच्या वह्यांत अलीकडे ‘घरखर्च’ या शब्दाआड एक नवं कारण लपायला लागलंय : मुलाचे केस. मुलगा पंचविशीतला, खोपोलीत नाहीतर रसायनीत कंपनीत कामाला. कपाळ मागे सरकलेलं आणि स्थळं बघायला सुरुवात झालेली. बैठक संपली की आई हळूच विचारते, “ताई, पंधरा हजार मिळतील का?” म्हणून आज या औषधांचा इतिहास सांगते. औषध कुठून आलं ते कळलं की त्याचा त्रास आणि खर्च दोन्ही कळतात.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. कोकणात लाल विंचू चावला की माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन नावाची गोळी विंचूदंशावर वापरली आणि कितीतरी जीव वाचले. प्राझोसिन मुळात रक्तदाबाची गोळी. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला लागू पडतं, ते असं.

केसांच्या बाटलीतलं मिनॉक्सिडिलही रक्तदाबाचंच. अमेरिकेच्या अपजॉन कंपनीनं ते बनवलं. इतर औषधांनी न उतरणाऱ्या रक्तदाबासाठी त्या गोळीला १९७९ साली परवानगी मिळाली. पण ती घेणाऱ्यांच्या गालांवर, हातांवर, पाठीवर केस यायला लागले. बायकांनाही! त्यांना तो ताप होता, कंपनीला त्यात धंदा दिसला. मग डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं आणि १९८८मध्ये ते तिकडे टकलावरचं औषध म्हणून विक्रीला आलं. कंपनीला त्याचं नाव ‘रिगेन’ ठेवायचं होतं, म्हणजे गेलेलं परत मिळवणं. तिथल्या सरकारी खात्यानं हरकत घेतली, कारण नावातच नको तेवढं आश्वासन होतं. म्हणून ‘रोगेन’ झालं.

बाटली बदलली तरी औषधाचा मूळ स्वभाव जात नाही. अंगात जास्त भिनलं तर छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज येऊ शकते. लवकर केस यावेत म्हणून दुप्पट लावणारी मुलं असतात, त्यांना हे सांगा. टाळूला खाज सुटली, पापुद्रे निघाले, तर पुष्कळदा दोष औषधाचा नसून द्रावणात घातलेल्या प्रोपिलीन ग्लायकोलचा असतो. डॉक्टर मग फेस स्वरूपातलं औषध देऊ शकतात. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. तेव्हा घाबरून बाटली टाकली की पैसे पाण्यात, कारण फरक दिसायला चार महिने तरी लागतात. आणि लावणं थांबवलं की तीन-चार महिन्यांत आलेले केस पुन्हा जातात. महिन्याला ६०० रुपये धरा. वर्षाचे झाले ७,२००, दहा वर्षांचे ७२,०००. शेळीचं कर्ज फिटतं, याला शेवटचा हप्ताच नाही.

घरात लहान बाळ असेल तर आणखी एक. वडिलांच्या डोक्याला लावलेलं मिनॉक्सिडिल बाळाच्या अंगाला लागून बाळाच्या अंगावर केस वाढल्याचे प्रकार युरोपात घडले. तिथल्या औषध नियामकांनी २०२४मध्ये तशी सूचना दिली. औषध वाळल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही, हात धुवायचे, उशीचा अभ्रा वेगळा ठेवायचा. मांजराला तर हे औषध विषच.

दुसरं औषध फिनास्टेराइडची गोळी. डॉमिनिकन प्रजासत्ताक या देशातल्या एका गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. १९७४मध्ये शास्त्रज्ञांनी याचं कारण छापलं : पुरुषी संप्रेरकाला अधिक तीव्र रूप देणारा घटक त्यांच्या अंगात कमी होता. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि टक्कलही पडत नसे. तो घटक अडवणारी गोळी मर्क कंपनीनं काढली. १९९२मध्ये प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची, १९९७मध्ये केसांसाठी १ मिलिग्रॅमची. केसांची महाग, म्हणून लोक प्रोस्टेटची गोळी आणून सुरीनं चार तुकडे करायला लागले. आता ही सुरी घरात कोणाच्या हातात असते? गरोदर बाईनं, किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं, ही फुटलेली गोळी हाताळू नये. पोटातला मुलगा असेल तर त्याच्या लिंगाच्या वाढीत दोष राहू शकतो.

त्रासाबद्दल लाज सोडून बोलते. कंपनीच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांत सुमारे ४ जणांना कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं असे त्रास झाले. नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ जणांना. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. पण गोळी बंद केल्यावरही काहींचा त्रास टिकतो, हे अमेरिकेत २०१२ साली माहितीपत्रकात आलं. आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या नियामकांनी २०२५मध्ये मान्य केलं. गोळी सुरू झाल्यावर मुलगा गप्प गप्प राहायला लागला तर ‘लग्नाचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टर गाठा. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नसते. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदानही करायचं नाही.

केसरोपणाचं थोडक्यात सांगते. मागचे केस पुढे लावले तरी ते मागचाच गुण ठेवतात, हे न्यूयॉर्कच्या डॉ. ऑरेंट्राइख यांनी १९५९मध्ये मांडलं. ही शस्त्रक्रियाच आहे, पार्लरचं काम नाही. मार्च २०१९मध्ये मुंबईत केसरोपणानंतर एका माणसाचा जीव गेला. ते कोणी करावं याचे नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२मध्ये काढले : शस्त्रक्रियेचं किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण घेतलेला डॉक्टरच. पैसे भरण्याआधी सुई कोण धरणार हे विचारा.

टक्कल बरं करतो असा दावा औषधावर करायला आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात मनाई आहे. तरी जाहिराती येतातच. मुलाचं टक्कल आईकडून आलं, असं सासरी ऐकवतात तेही अर्धवट. हा वारसा दोन्हीकडून येतो.

आमच्या गटांत आता या कारणासाठी मागणी आली की आम्ही ‘घरखर्च’ लिहीत नाही, खरं कारण लिहितो. डॉक्टरांची चिठ्ठी बघतो, तेच औषध जनऔषधी केंद्रात मिळतं का ते विचारायला लावतो आणि कर्ज सहा महिन्यांच्या औषधापुरतंच देतो. सहा महिन्यांनी फरक नसेल तर पुढचं कर्ज नाही.

केस हळूहळू न जाता अचानक पुंजक्यांनी गेले तर मात्र यातलं काहीच लागू नाही. २०२५च्या सुरुवातीला बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बायकामुलांसकट गावंच्या गावं हैराण झाली, काही दिवसांत टकलं पडली. तेव्हा रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं ते विंचवावर काम केलेल्या आपल्या महाडच्या बावस्करांनीच. तसं काही दिसलं तर बाटली आणायची नाही, थेट सरकारी दवाखान्यात जायचं.