रँसच्या भिंतींवरील जपानी रेघ

फ्रान्समधील रँस शहराच्या महामंदिरात पूर्वी त्या देशाच्या राजांचे राज्याभिषेक होत. त्याच शहरात शांतिमाता मरियेला वाहिलेले एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंती १९६६ च्या उन्हाळ्यात एका जपानी चित्रकाराने वयाच्या ऐंशीव्या वर्षी रंगविल्या. सेमिनरीत आम्हांला जोत्तो आणि मायकेलअँजेलो भेटले; त्सुगुहारु फुजिता हे नाव मात्र तेव्हा कानी पडले नाही, याची आज खंत वाटते.

फुजितांचा जन्म १८८६ साली तोक्योत झाला. वडील सैन्यात डॉक्टर. १९१० साली ते तोक्योच्या ललितकला विद्यालयातून बाहेर पडले. तेथे पाश्चात्य चित्रकलेच्या बाबतीत कुरोदा सेइकी यांचा शब्द अखेरचा होता. कुरोदा स्वतः फ्रान्समध्ये शिकून आलेले, उजळ रंगांचे भोक्ते. काळ्या रंगाचे त्यांना वावडे. म्हणजे फुजिता तोक्योत शिकले तेही फ्रेंचच होते, फक्त दोन दशके शिळे!

ऑगस्ट १९१३ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. पिकासोंच्या चित्रशाळेत त्यांनी आंरी रूसो यांचे चित्र पाहिले. रूसो हे जकात खात्यातील नोकर. कोणत्याही विद्यालयात न शिकता चित्रकार झालेले. चित्र असेही असू शकते, हे पाहून फुजितांनी म्हणे घरी जाऊन आपली जुनी रंगपेटी फेकून दिली. पुढे महायुद्धाची ओढगस्त आली, मोदिल्यानी व सूतिन यांची मैत्री झाली, १९१७ साली पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले.

खरा शोध त्यानंतरचा. पॅरिसमध्ये पिकासोंची नक्कल करणाऱ्यांची वाण नव्हती. फुजितांनी कॅनव्हासवर दुधासारखा पांढरा थर दिला आणि त्यावर अतिशय बारीक जपानी कुंचल्याने काळ्या शाईची रेघ ओढली. कुरोदांना नको असलेला तोच काळा रंग! पाण्यात घोटलेली शाई तैलरंगाच्या तुकतुकीत पृष्ठभागावर टिकणार कशी? हे गुपित त्यांनी जन्मभर जपले. पुढे चित्रांची रासायनिक तपासणी झाली, १९४२ च्या सुमाराची काही छायाचित्रे अभ्यासली गेली, आणि उत्तर मिळाले ते टाल्कम पावडर, लहान बाळांच्या अंगाला लावतात ती. फ्रान्सने त्यांना ही रेघ दिली नाही, ती त्यांनी घरूनच आणली होती. परंतु ती बाहेर काढण्याचे धैर्य त्यांना पॅरिसने दिले, असे आमचे मत आहे.

१९३१ पासून दोन वर्षे ते लॅटिन अमेरिकेत फिरले. मेक्सिकोची भित्तिचित्रे पाहिली, आणि १९३७ साली जपानमधील अकिता येथे वीस मीटर लांबीचे चित्र स्वतः केले.

यापुढचा भाग लिहिताना लेखणी अडखळते. पण तो गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धात फुजितांनी जपानी सैन्यासाठी चित्रे काढली. १९४३ साली अट्टू बेटावर जपानी तुकडी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. त्या संहाराचे त्यांचे चित्र प्रदर्शनात मांडले, तेव्हा लोक त्यापुढे पैसे ठेवून हात जोडीत, असे सांगितले जाते. युद्ध संपल्यावर सहकाऱ्यांनी त्यांच्यावर बोट ठेवले. १९४९ साली त्यांनी जपान सोडले व पुन्हा तेथे पाऊल ठेवले नाही. १९५५ मध्ये ते फ्रान्सचे नागरिक झाले.

जून १९५९ मध्ये रँसच्या संत रेमी महामंदिरात त्यांना जो अनुभव आला, तो त्यांच्या अंतःकरणाचा विषय आहे; आम्ही तेथे शिरत नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला रँसच्या महामंदिरात त्यांचा व पत्नी किमियो यांचा बाप्तिस्मा झाला. लिओनार्दो दा विंची यांच्या स्मरणार्थ त्यांनी लेओनार हे नाव घेतले. त्यांचे धर्मपिता रने लालू हे शॅम्पेनच्या एका पेढीचे प्रमुख होते. प्रार्थनामंदिराचा खर्च त्यांनीच उचलला.

ओल्या गिलाव्यावर चित्र काढण्याची कला फुजितांना नवीन होती. गिलावा सुकण्याआधी हात चालला पाहिजे, चूक खोडता येत नाही. सुमारे तीन महिने ते रोज भिंतीपुढे उभे राहिले. ख्रिस्तचरित्रातील प्रसंग फ्रेंच परंपरेतले, पण त्यांना घेरणारी रेघ तीच, तोक्योहून आणलेली. एका गर्दीत त्यांनी स्वतःला आणि किमियोला उभे केले आहे.

१९६८ साली झ्यूरिक येथे ते निवर्तले. २००३ मध्ये त्यांचा देह या प्रार्थनामंदिरात आणून पुरण्यात आला. २००९ साली किमियोही त्यांच्या शेजारी विसावल्या.